जिभेखालची गोळी

खोलीचं दार सताड उघडं होतं आणि खाटेवर बाबा नव्हते.

धनेशच्या हातातली बाबांच्या अँजिओग्राफीच्या रिपोर्टांची पिशवी तिथंच गळून पडली. तो आत्ताच परळच्या हॉस्पिटलातून परतला होता. तिथल्या डॉक्टरांनीही आधीच्या डॉक्टरांसारखंच सांगितलं होतं. बायपास एकदा झालीय, दुसरी या हृदयाला सोसणार नाही. नसा इतक्या बारीक झाल्यात की स्टेंट बसायचा नाही. कळ येत राहणार. औषधं चालू ठेवा, त्यांना थोडं थोडं चालू द्या, जपून पण न घाबरता. धनेशच्या कानात शिरलं ते एवढंच, की आता काही होणार नाही. पुढचं सगळं त्याला टोलवाटोलवी वाटली. त्याने हात जोडले होते. "साहेब, काहीतरी करा हो."

बायपासनंतरही बाबांचं, म्हणजे आनंदांचं, दुखणं थांबलं नव्हतं. आंघोळ केली, पोटभर जेवले, जरा आवाज चढवून बोलले, की छातीवर पाटा ठेवल्यासारखं व्हायचं. दर वेळी धनेश टॅक्सी करून कॅज्युअल्टी गाठायचा. ईसीजी निघायचा आणि अटॅक नाही म्हणून घरी पाठवायचे. शेवटी त्याने आपल्या परीने इलाज शोधला. बाबांना खाटेवरून हलूच द्यायचं नाही. पाणी हातात, ताट हातात. स्वतः कामावर उशिरा जायचा, लवकर यायचा आणि आल्या आल्या आधी त्यांच्या छातीकडे बघायचा. तरी कळ यायचीच.

आज सकाळी बाबा भिंतीकडे तोंड करून म्हणाले होते, "असं पडून राहण्यापेक्षा..." पुढे बोललेच नाहीत.

ते अर्धं वाक्य आता धनेशच्या डोक्यात पुरं झालं.

"बकुळामावशी, बाबा कुठायत?"

शेजारच्या दारात मावशी तांदूळ निवडत बसली होती. "खाली गेले," ती मान वर न करता म्हणाली.

"खाली? आणि तुम्ही जाऊ दिलंत?"

उत्तर ऐकायला तो थांबलाच नाही. जिना उतरून रस्त्यावर आला. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं आणि लालबागच्या मसालेवाल्यांच्या दिशेने धावत सुटला. लोकांना धक्के लागत होते. कुणीतरी शिवी हासडली. मिरचीच्या खकाण्याने डोळ्यांना पाणी आलं, की ते आधीपासूनच होतं, त्याला कळलं नाही.

एका दुकानाच्या पायरीशी प्लास्टिकच्या स्टुलावर बाबा बसले होते. डोळे मिटलेले, मूठ छातीवर. दुकानातली बाई निवांत गिऱ्हाइकाला धणे मापून देत होती.

"अहो, माणूस मरतोय इथे! दिसत नाही तुम्हाला?" धनेश तिच्यावर ओरडला. मग रस्त्याकडे वळून त्याने हात वर केला. "टॅक्सी!"

बाबांनी डोळे न उघडताच त्याचं मनगट धरलं. जिभेखाली कळ थांबवायची गोळी होती, शब्द जड येत होते.

"ओरडू नको रे, झिला. बस."

"बाबा, चला, आपण आत्ताच्या आत्ता..."

"बस म्हटलं ना."

धनेश पायरीवर बसला. त्याला रडू आवरेना. मनगटावरची पकड घट्ट होती. मग ती हळूहळू सैल झाली. बाबांचा श्वास खाली बसला. त्यांनी डोळे उघडले, धोतराच्या सोग्याने कपाळ पुसलं आणि बाईकडे बघून मान हलवली. तिनेही हलवली.

"कशाला आलात एवढ्या लांब?" धनेशने डोळे पुसत विचारलं. "वाटेत कळ आली म्हणजे?"

"येतेच ना," आनंदा म्हणाले. त्यांनी मागे वळून रस्त्याकडे बोट दाखवलं. "काल त्या खांबापाशीच आली होती. आज इथवर पोचलो."