आतली कडी

संडासाच्या दाराशी येऊन हर्षदा थांबली. वॉकरला पाण्याचं डबडं अडकवलेलं होतं. तिला काखेत धरायला वत्सला नेहमीसारखी पुढे झाली.

“माय, तू बाहेरच थांब,” हर्षदा म्हणाली.

हर्षदा बारा वर्षांची. जन्मताना मेंदूला इजा झाली, तेव्हापासून पायांचे स्नायू आखडलेले. टाचा जमिनीला टेकत नसत, गुडघे एकमेकांवर घासत. सुरतेतल्या बमरोलीच्या चाळीत वत्सलाने लेकीला कडेवर वाढवलं, आणि कडेवर मावेना तेव्हा पाठीवर घेतलं.

गेल्या वर्षी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवलं. “मेंदूचं दुखणं जाणार नाही. पण टाचेचे आणि गुडघ्यामागचे आखडलेले स्नायू लांबवले, तर आधाराने चालेल,” त्यांनी स्पष्टच सांगितलं. पोरीला कापायचं म्हटल्यावर वत्सला दोन दिवस जेवली नाही. भिकनने, तिच्या नवऱ्याने, मन घट्ट करून सही केली. सहा आठवडे दोन्ही पाय प्लास्टरमध्ये होते. त्यानंतर सहा महिने व्यायाम. वत्सला रडत रडत तिचे गुडघे दाबायची आणि हर्षदा फ्रॉकची बाही दातांत धरायची.

मग एक दिवस ती वॉकर धरून चाळीचा अख्खा ओटा चालून गेली. भिकनने चाळभर पेढे वाटले. “आता पोर शायमा जाई,” लेकीच्या शाळेचं तो ज्याला त्याला सांगत सुटला. संडासात धरायला त्याने भिंतीला लोखंडी पाइपही ठोकून दिला. तरी आठ दिवस वत्सला रोज तिच्याबरोबर आत जात होती.

आज हर्षदा एकटी आत गेली. दार लोटलं. आतून कडी सरकल्याचा आवाज आला.

वत्सला दाराला कान लावून उभी राहिली. थोड्या वेळाने आत काहीतरी धाडकन आपटलं.

“हर्षदा! कडी काढ, मी येस!”

“काही नही माय. वॉकर पडना.”

“काढ म्हनस ना!” वत्सलाने दारावर थाप मारली.

मग हळू आवाज आला, “नको ना माय. माले लाज वाटस. कितला दिवसपासून वाटस.”

वत्सलाचा हात दारावरच राहिला. इतकी वर्षं सकाळ-संध्याकाळ ती लेकीला इथे आणत होती. लेक मान खाली घालून बसायची. पाय दुखत असतील, असंच तिला वाटत आलं होतं.

शेजारच्या प्रमिलाबाई डबडं घेऊन आल्या. “आत कोन शे व?”

वत्सला दारापासून चार पावलं मागे सरली. डोळ्यांना पदर लावला.

“मन्ही पोर शे,” ती म्हणाली. “तिले येळ लागी. तुम्ही बी जराशा लांब उभ्या ऱ्हा.”