राखीव बाकावरचा

लिफ्टच्या फटीत सापडलेलं एक कोटाचं बटण.

दोरीवर वाळणारे मुलीचे मोजे. गुडघ्यापर्यंतचे. मातीचा डाग काही गेलेला नाही.

डावखुरा. वय एकोणीस. जागा : मधली फळी. खेळलेले सामने : शून्य.

आतल्या खोलीचं दार, नुसतं लोटलेलं. त्याला कडी लावायची नाही असं कुणी ठरवलेलं नव्हतं, पण लावत कुणीच नाही.

"काका, ही अकादमी आहे की पाळणाघर?"

हे शेवटचं वाक्य फोनच्या पडद्यावर उमटलं तेव्हा लिफ्ट मेकॅनिक एका इमारतीच्या गच्चीवर, मशीनच्या खोलीत, उलट्या डब्यावर बसला होता. फुटबॉल क्लब चालवायचा ऑनलाइन खेळ होता तो. लिहिणाऱ्याचं टोपणनाव गिधाड. त्याच लीगमधल्या दुसऱ्या क्लबचा मॅनेजर. दोघे कधी भेटले नव्हते, पण मेकॅनिकला टोमणा मारल्याशिवाय गिधाडाला अन्न गोड लागत नसे.

मेकॅनिकच्या अकादमीतली पोरं लीगभर नावाजलेली. पंधराव्या वर्षी आलेलं पोर तो तळहाताच्या फोडासारखं जपायचा. सराव, आहार, विश्रांती, सगळं जिथल्या तिथे. फक्त सामन्यात उतरवायचा नाही. सामन्यात दुखापत होते, सरावात होत नाही. खेळाच्या नियमांत तसं साफ लिहिलं होतं. कोवळा खेळाडू सरावात अर्धंच शिकतो आणि उरलेलं मैदानात, हेही तिथेच लिहिलं होतं. मेकॅनिकला अर्धं पुरत होतं.

"विकायचा नाही, खेळवायचा नाही. मग काय काचेच्या कपाटात ठेवणार त्याला?" गिधाडाने पुढे लिहिलं. "डावखुरा मला द्या. माझ्याकडे निदान घाम तरी येईल बिचाऱ्याला."

"नाही," मेकॅनिकने लिहिलं.

डावखुऱ्याची गोष्ट निराळी होती. खेळातलं वर्ष आपल्या काही आठवड्यांतच सरतं. अकादमीत आला तेव्हा तो मेकॅनिकच्या मुलाएवढा होता. मुलगाही डाव्या पायाचा. मग डावखुरा सोळाचा झाला, सतराचा झाला. त्याला मिसरूड फुटली असेल, आवाज फुटला असेल. मुलगा पंधराचाच राहिला.

मेकॅनिक खाली उतरला. या इमारतीची लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर आपसूक थांबायची, दार उघडायची, आणि बाहेर कुणीच नसायचं.

"बाधा आहे हो," वॉचमन म्हणाला. "आमची मंडळी जिन्यानेच जातात."

"ओल आहे. तार बदलली. आता नाही थांबणार."

लोकांची भुतं तो अशी दिवसभर काढून देत असे.

घरी जाताना त्याने नेहमीप्रमाणे लांबचा रस्ता धरला. जवळच्या रस्त्यावर मैदान लागतं.

घरात मुलीची आई इस्त्री करत होती. मुलगी टेबलाशी बसली होती, ताठ. फुटबॉलच्या मोठ्या संघाच्या सामन्यासाठी तिची निवड झाली होती. बस सकाळी निघणार होती.

"बाबा, कोच मॅडमचा फोन येईल आता. काय सांगू?"

"सांग, पुढच्या वर्षी."

"मागच्या वर्षीही पुढचंच वर्ष होतं."

"सरावाला अडवलंय का मी कधी?"

"सरावाला नाही अडवत. सामना आला की अडवता."

टेबलावरचा त्याचा फोन थरथरला. मुलीला वाटलं मॅडमच. तिने उचलला आणि मोठ्याने वाचलं, "डावखुरा नाराज आहे. त्याची प्रगती थांबली आहे." तिने वर बघितलं. "हा कोण?"

"माझा खेळाडू."

"चांगलाय की. मग बाकावर का बसवलाय?"

"लागेल त्याला."

"बाबा, हे नुसतं चित्र आहे."

"माहीत आहे."

मग तो म्हणाला, "तू घरात असलीस की मला घोर नसतो, बाळा. एवढंच आहे बघ."

मुलीने फोन अलगद खाली ठेवला.

"घरात काही होत नाही, असं कोण म्हणतं?"

आईचा हात जागीच थांबला. इस्त्रीखालून करपल्याचा वास येऊ लागला. तरी ती हलली नाही. शेवटी मेकॅनिकच उठला, तिच्या हातातून इस्त्री घेतली, उभी ठेवली, बटण बंद केलं. सदऱ्यावर तपकिरी त्रिकोण उमटला होता. आतल्या खोलीतून भिंतीवर चेंडू आपटावा तसा आवाज आला. शेजारच्यांचा पाइप होता तो. इतकी वर्षं पाइपच होता.

या वेळी मॅडमचाच फोन वाजला. मुलीच्या आधी त्याने घेतला.

"हो, मॅडम. मी तिचा बाबा." करपलेला सदरा बाजूला सारत तो पुढे म्हणाला, "येईल ती. खेळेल. हो, पूर्ण सामना."

दोरीवरचे मोजे काढायला मुलगी बाहेर गेली, आणि तिथेच उभी राहिली.

मेकॅनिकने खेळ उघडला. डावखुऱ्याला बाकावरून उचलून मुख्य संघात नेलं. खात्री आहे का, असं खेळाने विचारलं. त्याने दाबलं. सामना सुरू झाला.

मुलाच्या सामन्याच्या दिवशी त्याच्या अंगात थोडी कणकण होती, म्हणून बापाने त्याला खेळायला न सोडता घरीच झोपवलं होतं, आणि त्या झोपेतून तो उठला नव्हता.