सत्काराची साडी

स्त्री अभ्यास विभाग ही समाजाच्या विवेकाची प्रयोगशाळा असते. मंठ्याच्या कॉलेजात ही प्रयोगशाळा क्रीडा विभागाच्या मागच्या अर्ध्या खोलीत होती, आणि तिच्या कोपऱ्यात भालाफेकीचे भाले उभे असत. आज महिला दिन, म्हणून भाल्यांवर चादर टाकली होती.

वंदना एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. तिच्या हातात प्रबंधाच्या प्रती होत्या आणि त्यांवर प्रीती मॅडमची सही हवी होती. प्रबंध जमा करायचा आज शेवटचा दिवस. सही नाही, तर वर्ष गेलं.

"सही कार्यक्रमानंतर," मॅडम म्हणाल्या. "आधी तू त्या समोरच्या खुर्चीत बस. आज तुझाच सत्कार आहे."

"माझा? कशाचा?"

मॅडमनी फ्लेक्सकडे बोट केलं. 'नवी वाट, नवा मान : विधवा भगिनींचं हळदीकुंकू.' खाली वंदनाचा फोटो होता, जानेवारीतल्या परीक्षा अर्जावरचा. चेहऱ्यावर काही नव्हतं. कपाळावरही नव्हतं.

"मॅडम," वंदना हळूच म्हणाली, "माझे मिस्टर बाहेर गाडीवर बसलेत."

मॅडमनी तिच्या गळ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"मग हे असं का?"

"तुम्हीच स्वाध्याय दिल्ता. सौभाग्याची चिन्हं महिनाभर काढून ठेवा, काय वाटतं ते लिहा. मी लिहिलं. मंग परत घालायचं राहून गेलं."

त्या स्वाध्यायाला मॅडमनी दहापैकी आठ गुण दिले होते. वाचला असता, तर कदाचित सातच दिले असते.

"आधी सांगायचं ना गं!" मॅडम कळवळल्या. "गावातल्या चांगल्या चारजणींना बोलावलं होतं. एकही आली नाही. म्हणे, हरभरा सोंगायचाय. आता पत्रकार येऊन बसलेत, प्रेमबाई आल्यात, साडी त्यांच्याच दुकानातली. दहा मिनिटांचं तर काम आहे. तू ह्याच्याकडे संकल्पनेच्या पातळीवर बघ."

वंदनाने तसं बघून पाहिलं. मग बघणंच सोडून दिलं. प्रती मांडीवर घेऊन ती खुर्चीत बसली. आपल्याला राग यायला हवा, हे तिला ठाऊक होतं. दुसऱ्या सत्रात तो एक प्रश्नही होता. पण राग काही आला नाही. पंखा फिरत होता, तेवढं कळत होतं.

मॅडम माइकवर बोलू लागल्या. "पतीच्या पश्चात खचून न जाता जिने शिक्षणाची कास धरली..."

तेवढ्यात डोक्याला रुमाल बांधलेला वंदनाचा नवरा कल्याण दारात आला. आत चहा आहे, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. फोटोवाल्याच्या पाठीमुळे त्याला पुढचं काही दिसत नव्हतं. खोली अर्धीच, त्यामुळे वंदनाला मात्र सगळं ऐकू येत होतं.

"काय झालं?" त्याने शिपायाला विचारलं.

"बाईचा नवरा वारला."

"अरे अरे," कल्याण म्हणाला आणि त्याने चहा घेतला.

प्रेमबाई कुंकवाची कोयरी घेऊन पुढे आल्या. सत्तरीच्या बाई, गावातल्या मोठ्या कापड दुकानाच्या मालकीण. त्यांचं बोट वंदनाच्या कपाळापाशी येऊन थांबलं.

"बेटा, मी असं पहिल्यांदाच करून राह्यले," त्या पुटपुटल्या. "काही पाप तर लागणार न्हाई ना?"

"बिलकुल न्हाई लागणार," वंदना म्हणाली. इतक्या खात्रीने बोलू शकणारी त्या खोलीत ती एकटीच होती.

कुंकू लागलं. फोटोवाला बाजूला सरला. कल्याणला खुर्चीतली बायको दिसली, बायकोला दारातला कल्याण दिसला. त्याच वेळी टाळ्या सुरू झाल्या. कल्याणने कप खिडकीत ठेवला आणि टाळ्या वाजवल्या.

मॅडम शब्दाच्या पक्क्या निघाल्या. कार्यक्रम संपताच क्रीडा विभागाच्या कपाटावर टेकवून त्यांनी एकेका प्रतीवर सही केली.

"विषय काय गं तुझा?"

"सौभाग्यचिन्हं आणि ग्रामीण स्त्री."

"वा. मग आजचा फोटो परिशिष्टात लाव."

प्रती ऑफिसात जमा करून, साडीचा पुडा काखेत मारून वंदना बाहेर आली. कल्याण गाडीला टेकून उभा होता.

"सही झाली?" त्याने विचारलं.

"झाली."

"बरं झालं." त्याने गाडीच्या आरशावरची धूळ रुमालाने पुसली. "गळ्यातलं कधी काढलं?"

"दिवाळीनंतर."

"रोज तूच तर वाढती. मंग मला कसं दिसलं न्हाई?"

"ते तिसऱ्या प्रकरणात आहे."

कल्याणने त्यावर थोडा विचार केल्यासारखं केलं. मग किक मारली.

"जल्दी बस. लाईट यायचा टाइम झाला, मोटर लावायचीय."

ती मागे बसली. गाडी मोंढ्याच्या रस्त्याला लागली, तशी तिने पुड्याची पिन काढून साडीच्या घड्यांतून बोटं फिरवली. वरून पाहिलं, खालून पाहिलं.

साडीत ब्लाउज पीस नव्हता.