कोट धरणारा माणूस

“घ्या फोटोवाले, धरा माझा कोट,” लॅकी मन्रो म्हणाला आणि हो-नाही ऐकायच्या आत त्याने कोट नीनियन बेअर्डच्या हातांवर टाकला.

ग्लासगोतल्या त्या चार मजली घरांच्या मागच्या चौकात शंभरेक माणसं जमली होती. शनिवारचा भोंगा होऊन जहाजाच्या कारखान्यातले सगळे नुकतेच परतले होते. भांडण एका भोकाचं. पोलादी पत्र्याला भोकं पाडायचं काम लॅकीचं, आणि ते पाडलं कॉन डेव्हलिनने. लॅकी म्हणाला, माझ्या पोटावर पाय दिलास. कॉन म्हणाला, तू संडासात पेपर वाचत बसलास, पत्र्याने किती वाट बघायची? मग चौकात ये, असं ठरलं.

चौकातल्या झुंजीला कायदा होता. कोट धरतो तो जामीन. त्याने आत हत्यार नाही ना, हे बघायला खिसे चाचपायचे, कोट दोन्ही हातांवर घ्यायचा आणि झुंज संपेपर्यंत कोणालाही, खुद्द मालकालाही, द्यायचा नाही. कॉनचा कोट त्याच्या मेव्हण्याने, फ्रँकने, धरला होता. त्याने सगळ्यांसमोर खिसे उलटे केले. सिगारेटी, किल्ली, अर्धा पाव.

नीनियनने लॅकीच्या कोटाचे बाहेरचे खिसे वरवर चाचपले. त्याचं लक्ष उन्हाकडे होतं. त्या चौकात ऊन यायचं ते दुपारी अर्धा तास. आज ते नेमकं राखेच्या डब्यांपासून कपडे वाळत घालायच्या लोखंडी खांबापर्यंत पडलं होतं, आणि बरोबर त्यात दोन माणसं बाह्या सारत उभी होती. इतकी वर्षं त्याने ह्या गल्लीतल्या बायका, गाड्या, कुत्री टिपली, पण कॅमेरा दिसला की सगळी शहाण्यासारखी ताठ उभी राहायची. आज त्याच्याकडे कोणी ढुंकूनही बघत नव्हतं.

त्याने कोट खांबाच्या आकड्याला अडकवला.

कॅमेरा पोटाशी धरून वरून काचेत बघायच्या जातीचा होता. काचेत पहिला ठोसा आवाजाआधी दिसला. लॅकीचं डोकं मागे गेलं. दुसरा ठोसा बरगडीत. नीनियनने एक फोटो घेतला.

“अरे लॅकी, मारतोयस की कुरवाळतोयस?” तिसऱ्या मजल्यावरून पोलॉकबाई ओरडल्या. त्यांनी खिडकीत उशी घेऊन बैठक मारली होती. “माझा म्हातारा याहून जोरात खोकतो!”

चौक खदखदून हसला. लॅकीच्या नाकातून रक्त हनुवटीवर आलं होतं. तो गुडघ्यावर बसला, उठला, पुन्हा बसला.

“पुरे का?” कॉनने विचारलं. त्याने हात खाली सोडले, एवढंच नव्हे, उठवायला एक हात पुढेही केला.

लॅकी उठला तो खांबाच्या बाजूने.

नीनियनने सगळं काचेत पाहिलं. लॅकीचा हात कोटाच्या आतल्या खिशात गेला. हाताबरोबर वस्तऱ्याची हस्तिदंती मूठ बाहेर आली. पातं उघडलं आणि उन्हात चमकलं. कॉन लोकांकडे बघून कपाळाचा घाम पुसत होता. हाक मारायला वेळ होता. “कॉन!” एवढंच म्हणायचं होतं. नीनियनने श्वास रोखला, कारण श्वास घेतला की कॅमेरा हलतो.

आणि बटण दाबलं.

वस्तरा कानापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत आला, मग परत फिरून डोळ्यावरून गेला. कॉन ओरडला नाही. तो आश्चर्याने खाली बसला आणि चेहरा ओंजळीत धरून ठेवू लागला. बोटांच्या फटींतून रक्त मनगटांवर, बाह्यांत गेलं. लॅकी वस्तरा टाकून बोळातून पळाला. त्याच्यामागे कोणी धावलं नाही.

“कोट कोणाकडे होता?” फ्रँकने हळू आवाजात विचारलं.

सगळे नीनियनकडे बघत होते. खिडक्यासुद्धा.

कॉनची बायको बर्नी गर्दीतून वाट काढत आली, हातांना पिठाचा लगदा तसाच. तिने ॲप्रन फाडून त्याचा बोळा केला आणि सर्वांत जवळ उभा असलेल्या माणसाची बाही ओढली.

“मिस्टर बेअर्ड, बघताय काय नुसते? दाबा इथे! मी गाडी बोलावते. सोडू नका, देवाशपथ सोडू नका!”

नीनियन गुडघ्यांवर बसला आणि बोळा दाबून धरला. बोळा लगेच ऊन ऊन, जड झाला. उरलेल्या एका डोळ्याने कॉन त्याच्याकडे बघत राहिला.

“दिसलं होतं तुम्हाला?” त्याने विचारलं.

नीनियनने मान खाली घातली. गळ्यातला कॅमेरा दोघांच्या मध्ये लोंबत होता. बाजूच्या छोट्या खिडकीत आठचा आकडा होता. वस्तऱ्याचा फोटो सातवा होता. पुढच्या फोटोसाठी फिल्म सरकवायची चावी आपण केव्हा फिरवली, हे त्याला काही केल्या आठवेना.