मोकळी सोडलेली जागा

ढोलकीवाल्या सदूने आपला तुकडा संपवला आणि नेहमीसारखी पुढची जागा मोकळी सोडली. जुन्या बेंजो पार्टीत तिथे अण्णांचा बेंजो उत्तर द्यायचा. दोघांचं बिनसलं, पार्टी फुटली, अण्णांनी आपली वेगळी काढली. पण सदूचा हात त्या जागी अजून थांबायचा.

मोरेश्वर दोघांच्याही कार्यक्रमांना न चुकता जायचा. तिकडे बेंजो ऐकताना त्याला ढोलकी आठवे, इकडे ढोलकी ऐकताना बेंजो. दोघं पुन्हा एकत्र ऐकायला मिळावेत, एवढीच त्याची इच्छा होती. बेंजोचं ते उत्तर त्याला तोंडपाठ होतं. न्हाणीघरात तो त्याची शीळ घालायचा, तेही नळ सोडून.

आज सदूच्या मांडवात शेजारी बसलेल्या बाबलने त्याला कोपराने ढोसलं. "आज घाल की शीळ! नळाने काही झाकत नाही, सगळी आळी ऐकते."

मोरेश्वरचे कान तापले. ढोलकीने पुन्हा विचारलं, पुन्हा जागा मोकळी राहिली. त्याने डोळे मिटले आणि शीळ घातली. सूर आधी फाटला, मग सापडला आणि अचूक समेवर उतरला.

सदूचा चेहरा उजळला. त्याने दुप्पट जोरात पुढचा तुकडा टाकला. आता अख्खा मांडव शीळ घालून उत्तर देऊ लागला.

मांडवाबाहेर चोरून ऐकणाऱ्या अण्णांना मग राहवेना. ते थेट आत घुसले.

"गप्प बसा लेको! सुरात हा एकटाच आहे," मोरेश्वरचा दंड धरत ते गरजले. "सदू, ठेका सोडू नकोस. गाडीतून माझा बेंजो आणा रे कुणीतरी. आणि तू चल माझ्याबरोबर वर!"