चिवट रक्त

माणसाचं आयुष्य त्याच्या रक्तातच लिहिलेलं असतं, हे शास्त्रानं आता मान्य केलं आहे. १९७४ साली दहिवलीच्या कमळाकरच्या मूत्रपिंडातली कॅन्सरची गाठ काढली, तेव्हा मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांनीही आधी घराण्याचीच चौकशी केली.

"सासरं एक्क्याण्णव वर्सं जगलं, आजेसासरं चौऱ्याण्णव," बायको जानकीबाई म्हणाली. "आत्याबाय तर अजून भाताच्या लावणीला वाकत्यात."

"मग काळजी सोडा. रक्त चिवट आहे," असं म्हणून डॉक्टरांनी केसपेपरवर तसं लिहिलंही.

बाहेर येताच कमळाकर कुजबुजला, "अगं, ते एक सांगायचं ऱ्हायलं."

"आता गप ऱ्हावा तुमी. डाक्टरांनी लिवलंय!"

दहिवलीत घरोघर पेढे गेले.


त्या घरात कमळाकर सहाव्या वर्षी दत्तक आला होता.