चिडीचूप

शाल्मलीने अपवर्तनाची तीच व्याख्या पुन्हा वाचली आणि पुन्हा विसरली. तिच्या दहावीमुळे घर चिडीचूप होतं. शिट्टीचा आवाज नको म्हणून आई वरणाची डाळ पातेल्यात शिजवत होती. बाबा आवाज बंद करून मॅच बघत होते. एरवी मिठावरूनही भांडणारे ते दोघं कित्येक दिवसांत एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते.

पुस्तक मिटून ती बाहेर आली.

"तुम्ही भांडत का नाही?"

आई दचकली. "अगं, तुझं लक्ष नको का लागायला?"

"लागतच नाहीये. तुम्ही भांडायचात तेव्हा मी दार लोटून वाचायचे. आता सारखे कान बाहेरच असतात." तिला पुढे नीट सांगता येईना. "परीक्षा झाल्यावर पुन्हा भांडाल ना?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि लगेच नजरा वळवल्या.

"परीक्षा झाली की तुझ्याशी बोलायचंच आहे, बाळा," बाबा म्हणाले.

"कशाबद्दल?"

"आत्ता नको," आई म्हणाली. "जा, अभ्यास कर."

शाल्मली परत पुस्तकासमोर बसली. कालपर्यंत परीक्षा एकदाची संपावी असं तिला वाटत होतं. आता शेवटचा पेपर येऊच नये असं वाटायला लागलं.